दार आमचं, शेवट त्याचा

एका कथालेखकाने माझ्या आईला फसवलं. सिनेमासाठी रहस्यकथा लिहिणारा, अंधेरीत राहणारा, गोड बोलणारा माणूस. त्याने शब्द मला दिला, मोडला त्याने, आणि भोगलं माझ्या आईने. ही हकीगत मी तावातावाने अनेकांना सांगितली आहे. आता लिहून काढतो, म्हणजे ‘हा चिडका आहे, वाढवून बोलतो’ असं म्हणायला कोणाला जागा राहू नये.

तेव्हा अंधेरीला माझी जुन्या लाकडाची वखार होती. एखादा बंगला पाडायला काढला की मी सगळ्यांच्या आधी तिथे हजर. दारं, खिडक्या, कठडे, जिन्याचे खांब उचलायचे आणि विकायचे. कोकणातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या वखारीत डोक्यावरून वासे वाहत होतो. भाव करायला मला कोणी शिकवलं नाही, पोटाने शिकवलं. आजूबाजूला स्टुडिओ होते. त्यांना देखाव्यासाठी खरी दारं लागत, ती मी भाड्याने देत असे.

हा लेखक पहिल्यांदा आला तो भुताच्या बंगल्याचं दार शोधत.

“शेठ, सगळ्यात जबरदस्त दार कुठलं, तेवढं दाखवा.”

“ते शेवटी. आधी ही बघा.”

“आधीच दाखवलंत तर काय बिघडेल?”

“मग तुम्ही बाकीची बघणार नाही, आणि त्याच्यात खोट काढत बसाल. थोडं थांबवलं की माणूस स्वतःच मनात त्या दाराला रंग देतो.”

तो मोठ्याने हसला. म्हणाला, “अहो, हा तर माझा धंदा! तुम्ही वखारीत काय करताय?”

तिथून आमचं जमलं. संध्याकाळी तो वखारीत येऊन फळ्यांच्या थप्पीवर बसायचा, बशीत चहा ओतायचा आणि रहस्य कसं रचतात ते मला सांगायचा. माणूस हुशार होता, हे मी नाकारत नाही. एकदा म्हणाला, “समजा, एक बाई नवऱ्याशी बोलत उभी आहे. चपलेत पाय घातला आणि विंचू चावला. वाचक दचकेल आणि विसरेल. पण तो विंचू चपलेत शिरताना मी वाचकाला आधीच दाखवला, तर? बाईला ठाऊक नाही. ती निवांत वेणी घालते, भाजी कुठली आणू विचारते, चपलेपर्यंत जाते, पिशवी विसरली म्हणून परत फिरते. वाचकाचा जीव टांगलेला.”

“आणि चावतो का शेवटी?”

“ते मी ठरवणार,” तो म्हणाला. आवाजात केवढा माज! तेव्हा मला तो माज आवडला, कारण भाव करताना माझ्या आवाजात तोच असायचा.

वखारीच्या मागेच आमच्या दोन खोल्या. आई आणि मी. एकदा त्याला जेवायला नेलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. तो उंबऱ्यातच थबकला आणि आमच्या दाराकडे बघत राहिला. दार तसं भिकार. एका झडपेची खालची फळी कुजली होती आणि तिच्या जागी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा ठोकलेला होता. एवढं उत्तम लाकूड माझ्या वखारीत असताना घराला हे दार का, असं त्याने विचारलं. आईनेच सांगितलं.

माझा मोठा भाऊ लढाईच्या काळात मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला. निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने तो पत्रा ठोकला, कारण उंदीर आत यायचे. पुढे बोटीचं काहीच कळलं नाही. कोणी म्हणे बुडाली, कोणी म्हणे रंगूनला लागली. लढाई संपली, लोक परत आले, तो आला नाही. आम्ही परळची खोली सोडून अंधेरीला आलो तेव्हा आईने खोलीमालकाशी भांडून ते दार उपटून आणवलं. झीलाला, म्हणजे लेकाला, खोली सापडली नाही तरी दार ओळखता येईल, हा तिचा हिशेब. तिने एकदाही त्या दाराला आतून कडी लावली नव्हती.

आमच्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघतात. त्यानंतर दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करतात, म्हणजे त्याला गती मिळते आणि घरच्यांना सुटका. ती बारा वर्षं संपत आली होती. आधी आई या विषयावर मला बोलूही देत नसे. पण त्या वर्षी तिनेच भटजींना विचारलं. म्हणाली, “मेलो आसलो तर तेका उपाशी किती ठेवू?” पितृपक्षाआधी क्रिया करायची असं ठरलं. ठरल्यापासून ती बाई नीट झोपायला लागली होती. हे मी डोळ्यांनी बघत होतो. मला दुसरं काही नको होतं.

लेखक काही दिवसांनी वखारीत आला तो उभाच राहिला. बसला नाही.

“शेठ, मला ते दार हवं. आणि दाराची गोष्ट.”

“दार भाड्याने देईन. गोष्ट विकायची नाही.”

“मग अशीच द्या.”

मी विचार केला. माझ्या भावाची आठवण कुठेतरी राहील, असंही मनात आलं. म्हटलं, “देतो. पैसे नकोत. पण एक अट. मुलगा परत यायचा नाही. शेवटी म्हातारी त्याची क्रिया करते आणि कडी लावते. तिथे गोष्ट संपली पाहिजे.”

त्याने माझ्या हातावर हात मारला. “अहो, मी तरी दुसरं काय करणार? दारावर थाप पडते, म्हातारी उठते, उघडते, बाहेर वारा. हाच शेवट. प्रेक्षक बधिर होऊन घरी गेला पाहिजे.”

आमच्या धंद्यात हातावर हात मारला की सौदा पक्का. त्याच्यावर कागद मागणारा माणूस हलका समजतात.

चार दिवसांत परत आणतो असं सांगून मी आईला कसंबसं तयार केलं आणि दार बैलगाडीतून मढला गेलं. तिथे कोळ्यांच्या वस्तीजवळ एक झोपडं उभं केलं होतं. शूटिंग झाल्यावर दार परत आलं, ओरखडासुद्धा नव्हता. सिनेमा गणपतीच्या सुमाराला लागला. आईने जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. पण आपलं दार पडद्यावर आहे म्हटल्यावर तिने नवं लुगडं काढलं. अट ठरलेली होती, म्हणून मी बिनघोर तिला घेऊन गेलो.

पडद्यावर दार आलं, पत्रा दिसला, तेव्हा ती मला कोपराने ढोसून म्हणाली, “आपला!” मागच्याने गप्प बसा म्हटलं. तिने त्यालाही सांगितलं, “आमचा दार आसा ता.”

शेवटचा प्रसंग आला. रात्र, पाऊस. पडद्यावरची म्हातारी पुतळ्यासाठी दर्भ जुळवत बसलेली. बाहेर चिखलात पावलं उमटताना आम्हाला दिसतात, तिला दिसत नाहीत. तोच विंचू, तीच चप्पल. पावलं दारापर्यंत येतात. थाप पडते. म्हातारीला वाटतं वारा. ती दर्भाची गाठ मारते. पुन्हा थाप. ती उठते, पुन्हा बसते. थिएटरात खुर्ची वाजत नव्हती. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती आणि मी मनात म्हणत होतो, बाहेर कोणी नाही, बाहेर कोणी असता कामा नये. आई उभी राहून ओरडली, “उघड गो बाय, उघड!”

म्हातारीने दार उघडलं. मुलगा उभा होता. निथळत, हसत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आईने वाकून पडद्याला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणाली, “भटजीक सांग, येव नको.”

“आई, ते खोटं आहे. सिनेमा आहे तो.”

“तो नट, ता माका कळता. रामाचा सोंग घेता तो राम नसता. पण म्हणान राम अयोध्येक इलोच नाय?”

“अगं, लेखकाने मनाने रचलंय ते.”

“तेणा मगे दार मनान रचल्यान? पत्रो मनान ठोकल्यान? सगळा खरा आणि शेवटचा तेवढा खोटा? तेका कायतरी कळला आसतला. तू मेल्या, जित्या भावाचो पिंड घालतंस? हात झडतले तुझे!”

माझी आई दशावतार बघून मोठी झालेली. दशावतारात गोष्ट कोणी नव्याने रचत नाही. शेवट सगळ्यांना पाठ असतो, तरी माणसं देवळासमोर रात्रभर बसतात आणि राक्षस मागून येताना दिसला की नायकाला हाका मारतात. तिच्या लेखी गोष्ट म्हणजे घडून गेलेली गोष्ट. सांगणारा ती सजवतो, गाणी घालतो, पण कोण मेला आणि कोण परत आला हे बदलायचा त्याला अधिकारच नाही. मला तर वाटतं, तिचंच बरोबर होतं.

मी त्याच्या घरी गेलो. तो गादीवर लोळत पान लावत होता.

“शब्द काय दिला होतास?”

“अहो शेठ, बसा तरी. निर्मात्याला पटेना. बाहेर वारा दाखवला तर लोक खुर्च्या फोडतील म्हणाला. आणि खरं सांगू? इतकं ताणल्यावर दार उघडून रिकामं दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला दिवसभर ताटकळवून कोरड्या हाताने घालवणं. तुम्हाला तरी पटेल का?”

“मी गिऱ्हाइकाला ताटकळवतो, पण दाखवतो तेच दार देतो. तुझ्यासारखं दुसऱ्याचं उचलून विकत नाही.”

“तुमच्या आईला आवडला ना पण? ती उभी राहिली म्हणे! याहून मोठी पावती कुठली?”

मी त्याचं पानाचं तबक उचलून खिडकीबाहेर फेकलं. त्याची बायको धावत आली. मी तिला म्हटलं, “वहिनी, बाजूला व्हा, आज याचं नाक शाबूत राहत नाही.” शेजाऱ्यांनी मला धरून जिन्याखाली आणलं. “आईला येऊन सांग,” मी खालून ओरडलो, “तुझ्या तोंडाने सांग की तू हे रचलंस!” तो खिडकीत आला आणि म्हणाला, “लेखक आपला शेवट कोणाला समजावत फिरत नाही हो.”

मग मी सूड घ्यायचा ठरवलं. आमच्या लाइनीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं की त्याच्या सिनेमाला कोणी फळकूट देऊ नका. त्यांनी ऐकलं. पण त्याला खरं झोंबेल कुठे, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मी थिएटरच्या तिकिटाच्या रांगेपाशी उभा राहिलो आणि येणाऱ्या जाणाऱ्याला शेवट सांगायला लागलो. “मुलगा परत येतो! थाप त्याचीच असते! पैसे वाया घालवू नका!”

“ओ काका, वाट लावली ना पिक्चरची!” एक पोरगेलासा कारकून ओरडला.

“तुझी वाट वाचवली, मूर्खा. घरी जा.”

गेला का तो? नाही. तिकीट काढून आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. सगळेच तसे आले. काही बायका शेवट ठाऊक झाला म्हणून निर्धास्त होऊन सासवांना घेऊन आल्या. मला आठवडाभर कळेना की रहस्य फोडल्यावरही यांचे जीव का टांगतात. नंतर कळलं. पुढे काय होणार हे ठाऊक नसल्यामुळे माणूस अडकत नाही. आपल्याला हवं ते होऊ दे, एवढ्यावर तो अडकतो. आईला लेखकाने जे सांगितलं ते तिला बारा वर्षं हवंच होतं. त्या हरामखोराला हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्याने ते वापरलं. सिनेमा चालला. चौकात भेटला तेव्हा मला म्हणतो कसा, “तुमच्या जाहिरातीने गर्दी वाढली बरं का!”

आई त्यानंतर काही वर्षं जगली, पण नीट झोपली नाही. पूर्वी वाट बघत होती ती थकून. आता बघायला लागली ती खात्रीने, आणि खात्री जास्त वाईट. बाहेर कोणाचं पाऊल वाजलं की उठून बसायची. ताटात एक भाकरी बाजूला काढून ठेवायची. मी ओरडायचो, ती मला पापी म्हणायची. जाताना तिने माझा हात धरून शपथ घातली, “मी गेलंय म्हणान तेची क्रिया करू नको. तो येतलो.”

तिची क्रिया मी केली. त्याची करता येत नाही. भटजी दर वर्षी पितृपक्षात विचारतात, भावाचं काय करायचं, आणि माझ्यासारखा माणूस, ज्याला कोणत्याही सौद्यात जागच्या जागी हो की नाही म्हणता येतं, तो मान खाली घालतो. आईची शपथ मोडवत नाही, आणि भाऊ कुठल्या समुद्रात उपाशी आहे तो विचार सोडवत नाही.

तो लेखक आहे अजून. पांढरे केस, शाल, सत्कार. परवा बोरिवलीला एका वाचनालयात त्याचं व्याख्यान होतं, रहस्यकथेचा शेवट कसा साधावा यावर. मी मागच्या रांगेत बसलो होतो. प्रश्न विचारायला हात वर केला, तर त्याने मला ओळखलं आणि वेळ झाली म्हणून उठून गेला. म्हणून इथे विचारतो, आणि इथून तुला उठून जाता येणार नाही. माझ्या भावाला तू परत आणलंस. मला न विचारता आणलंस. आता भटजींच्या समोर येऊन बस आणि सांग, तो जिवंत आहे की मेला? त्याचा पिंड मी घालू की नको? ‘ते मी ठरवणार’ म्हणाला होतास ना? मग ठरव, आणि तुझ्या तोंडाने सांग.