मैदानावरच्या रेसबद्दल गंगूबाईंचा अर्ज

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं काढून सुदाम रोकडे निवृत्त झाले आणि बायकोला घेऊन बदलापुरात तळमजल्यावरच्या घरात राहायला आले. खिडकीसमोर मोठं सरकारी मैदान होतं. गंगूबाई रोज सकाळी तिथे चालायच्या, येताना बुद्धविहारात डोकावायच्या. दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पलंग खिडकीशी सरकवला.

त्याच वर्षी मार्चमध्ये मैदानावर पहिल्यांदा मोटारसायकलींची रेस झाली. मातीचे उंचवटे करून पोरांनी दोन दिवस त्यावरून गाड्या उडवल्या. भरवणारा होता जवळच्या गावातला कल्पेश भोपी. सोसायटीतल्या प्राची कर्णिक यांनी विरोधात सह्या गोळा केल्या. गंगूबाई म्हणाल्या, "मी सही नाही करत. माझा अर्ज मी वेगळा देते."

डाव्या हाताने लिहायला त्यांना तीन दिवस लागले. सुदामनी पाकीट तहसील कार्यालयात नेऊन दिलं. आत काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही, गंगूबाईंनीही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये एका मंगळवारी गंगूबाईंना धाप लागली. रिक्षा मिळेना. रस्त्यावरून चाललेल्या कल्पेशने गाडी थांबवली, त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात त्या गेल्या.

सुदाम रडले नाहीत. नातेवाईक वाट बघून गेले. लग्न होऊन कल्याणला राहणारी मुलगी, माया, रोज फोन करायची.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"काय केलं होतं?"

हे मात्र त्यांना आठवायला वेळ लागायचा.

फेब्रुवारीत सुनावणी लागली. मैदान यंदा रेसला द्यायचं का नाही, ते ठरणार होतं. नोटीस गंगूबाईंच्या नावाने आली. प्राचीताई घरी आल्या. "काका, काकूंचा अर्ज सगळ्यात पहिला आहे. तुम्ही यायलाच हवं."

"येतो," सुदाम म्हणाले.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी दूध आणताना कल्पेश भेटला. "काका, उद्या तुम्ही येणार म्हणे. मी काय बोलणार नाय. तुम्हाला वाटेल ते सांगा."

"बरं," सुदाम म्हणाले.

सभागृहात सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. एक बाई म्हणाल्या, धुळीने मुलाचा दमा वाढला. वडापाववाला म्हणाला, दोन दिवसांत महिन्याचा धंदा होतो. कोणी म्हणालं, मैदान सगळ्यांचं आहे. त्यावर मागून आवाज आला, "मग आम्ही कोण?" सुदामना सगळं ऐकू येत होतं, पण भिंतीपलीकडून आल्यासारखं.

"गंगूबाई सुदाम रोकडे," अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं.

सुदाम उभे राहिले. "ती वारली. मी नवरा."

अधिकाऱ्यांनी यादीवर खूण केली. "अर्ज कायम ठेवायचा, की मागे घ्यायचा?"

प्राचीताई त्यांच्याकडे बघत होत्या. कल्पेश खाली बघत होता.

"आधी बघू द्या," सुदाम म्हणाले.

कागद हातात आला. अक्षरं वेडीवाकडी, एका ओळीत तीनचार शब्द. त्यांनी मोठ्याने वाचलं. "रेस बंद करा असं माझं म्हणणं नाही. पोरं हौसेने करतात. दुपारी दोन ते चार गाड्या बंद ठेवाव्यात. मला तेवढीच झोप लागते."

प्राचीताईंनी चष्मा काढून पुसला.

"अर्ज कायम ठेवा," सुदाम म्हणाले आणि खाली बसले. आता तरी डोळे भरून येतील असं त्यांना वाटलं. तसं काही झालं नाही. पंख्याचा वारा मानेवर लागत होता, म्हणून त्यांनी खुर्ची बदलली.

आठ दिवसांनी परवानगी निघाली. दोनच दिवस, रोज पाण्याचा टँकर, आणि दोन ते चार गाड्या बंद. प्राचीताई म्हणाल्या, पुढच्या वर्षी पुन्हा लढू. सुदामनी मान हलवली.

रेसच्या दिवशी दोनला मैदान शांत झालं. सुदाम रिकाम्या पलंगाशेजारी खुर्चीत बसून राहिले. झोप आली नाही. चारला गाड्या पुन्हा सुरू झाल्या, तसं त्यांनी चपला घातल्या आणि मैदानावर गेले. कल्पेशने दोरीच्या अलीकडे जागा करून दिली.

"काका, लाल हेल्मेटवाला बघा. आपल्या गावचा हाय."

"कितवा आहे?"

"चौथा."

सुदाम लाल हेल्मेटकडे बघत उभे राहिले. शेवटच्या फेरीत तो तिसरा आला.