नैवेद्याआधीचा घास

आक्कांच्या बर्गरमध्ये मीठ जास्त पडतंय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फक्त आक्कांना नव्हतं.

अंथुर्णे गावाच्या अलीकडं रस्त्याला लागून पत्र्याचं एक शेड आहे, तेच त्यांचं दुकान. खेड्यात बर्गर म्हटल्यावर बारामतीचे माझे नातेवाईक हसतात. हसू देत. पुण्यातल्या एका कॅन्टीनमध्ये काही वर्षं राबून आक्का ही विद्या घेऊन गावी आल्या होत्या. बटाट्याची जाडजूड टिक्की, लसणाची चटणी, बारीक चिरलेला कोबी आणि बेकरीचा ताजा गोल पाव. तात्या, म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्यातले सगळ्यात जुने गिऱ्हाईक, पहिल्या दिवशी म्हणाले होते, "ह्यो तर वडापावच की, नुसतं टोपरं घातलंय." त्यानंतर ते एक दिवस चुकले नाहीत. मीही नाही. मी शिकवते ती शाळा सुटली की माझी स्कूटर घराआधी तिकडं वळायची.

आक्कांची एक रीत होती. दिवसाची पहिली टिक्की देवाच्या फोटोपुढं ठेवायची. तोवर कशालाही तोंड लावायचं नाही, उष्टं होतं. मिठाचा अंदाज त्या वासावरून घ्यायच्या. परातीवर वाकून एक लांब श्वास घेतला की म्हणायच्या, "चिमूटभर पायजे अजून." आमच्या आयाही असंच करत आल्या, त्यामुळं कुणाला त्याचं नवल नव्हतं. बर्गर त्या स्वतः कधी खात नसत. दुपारी भाकरी आणि ठेचा.

मग त्या तापानं आजारी पडल्या. शेड बरेच दिवस बंद राहिलं. उघडल्याचं कळल्यावर आम्ही सगळे लग्नाला यावं तसे गोळा झालो. पहिला घास घेतला आणि तात्यांनी माझ्याकडं बघितलं. खारट. साधं नाही, जीभ आक्रसेल असं. आक्का समोरच उभ्या होत्या, अंगाची नुसती काडी झालेली.

"बरं झालंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर!" तात्या म्हणाले. आजारातून उठलेल्या बाईला पहिल्याच दिवशी काय बोलायचं? मग दुसऱ्या दिवशी बोलणं आणखी अवघड झालं. आक्का रोज विचारायच्या, आम्ही रोज एक नंबर म्हणायचो. तात्यांनी बर्गरबरोबर ताक सुरू केलं, त्यांचं बघून बाकीच्यांनी. भर थंडीत ताक खपतंय म्हणून आक्का जास्त घुसळायला लागल्या.

मी फटकळ आहे. शाळेत मुलं मला टरकून असतात आणि मुख्याध्यापकही जपून बोलतात. पण त्या शेडमध्ये माझी बोबडी वळायची.

आणि नेमकं आमच्या मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनाच्या खाऊची ऑर्डर आक्कांना दिली. मीच कधीकाळी केलेलं कौतुक त्यांच्या लक्षात राहिलं होतं. सगळी शाळा, वर गावोगावचे पालक. ते खारट बर्गर तिथं वाटले गेले असते, तर संध्याकाळपर्यंत तालुकाभर झालं असतं. नुकतं उघडलेलं दुकान कायमचं बसलं असतं.

त्या सकाळी मी शेडवर गेले तेव्हा पावाचे ट्रे रचून तयार होते. तात्या मदतीला आले होते, कोबी चिरत होते. टेम्पो यायला फार वेळ नव्हता. आक्कांनी कुस्करलेल्या बटाट्याची भली मोठी परात पुढं ओढली, मीठ घातलं, कालवलं, वाकून श्वास घेतला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांचा हात पुन्हा मिठाच्या डब्यात गेला.

तात्यांची सुरी थांबली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घालून परत कोबी चिरायला लागले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! आणि स्वतःचाही.

पहिली टिक्की तव्यावरून उतरली. आक्कांनी ती ताटलीत घेतली आणि फोटोकडं वळल्या. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी हात पुढं केला, टिक्की उचलली आणि तोंडात घातली.

"आवो बाई!" तात्या ओरडले. "नैवेद्याची हाय ती!"

जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं, ते पोळल्यानं की मिठानं कोण जाणे.

"आक्का, खारट आहे," मी म्हणाले. "आजच नाही. दुकान उघडल्यापासून रोज."

त्यांनी रिकामी ताटली खाली ठेवली. तव्यावरचं तेल धुरकटायला लागलं होतं.

"मला वास येत न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "तापापास्नं. चव बी न्हाय. भाकर खाल्ली काय अन् माती खाल्ली काय. म्हनून तर रोज इचारत हुते, बरं झालंय न्हवं म्हनून." मग तात्यांकडं वळल्या. "अन् तुमी ताक त्याच्यापायी पीत हुता व्हय?"

तात्यांनी सुरी खाली ठेवली.

इतके दिवस मला वाटत होतं की आम्ही त्यांना जपतोय. त्यांनी मात्र आमच्या जिभेवर भरवसा टाकला होता, आणि आम्ही त्यांना अंधारात चालवत होतो. मला तिथंच रडू कोसळलं.

"रडू नगा. गॅस बारीक करा," आक्का म्हणाल्या. "तात्या, बटाटं आना. मिळतील तितकं."

तात्या धावत शेजारच्या वस्तीवर गेले. आम्ही उकडले, चटके सोसत सोलले, कुस्करले, परातीतल्या खारट मिश्रणात थोडेथोडे मिसळले. दर वेळी मी चाखायचे आणि आक्का विचारायच्या, "आता?" "अजून बटाटा." "आता?" "अजून." बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवून जीव खात होता. शेवटी मी "आता बरोबर" म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "खरं?" "खरं."

शाळेत पोरांनी दुसऱ्यांदा रांगा लावल्या. मिठाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आक्कांचा फोन आला म्हणून शाळेआधी गेले. तात्या बाकावर बसले होते, पुढं ताक नव्हतं. पहिली टिक्की उतरली आणि आक्कांनी ती माझ्यासमोर ठेवली.

"अहो, देवाला?" मी म्हणाले.

"त्यो बी तुमच्यासारखाच. इतकं दिस खारट खाऊन गप बसला. आधी तुमी खावा."

मी घास घेतला. आक्का माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"आळणी आहे," मी म्हणाले, आणि त्यांनी मिठाचा डबा उघडला.