दहावा माठ

दळवीकाकांनी आमच्या दाराची बेल कधीच वाजवली नाही. मधल्या बोटाचं पेर वाकवून ते दारावर दोनदा ठकठक करायचे आणि दार उघडलं की आधी दाराचा अहवाल द्यायचे. "खालून फुगलाय तुझा दरवाजा. पावसाळ्यात अडकणार." मग, "आत येऊ?" कलिंगड, नारळ, गच्चीवरची टाकी, नवी बसवलेली लादी, त्यांच्या पेरातून काही सुटलं नाही. माझ्या मुलीच्या बारशाला मेव्हण्याने आणलेली चांदीची वाटीसुद्धा त्यांनी वाजवून बघितली, माझ्या मेव्हण्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता खाली ठेवली.

त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या कारशेडमध्ये गेली. उभ्या गाडीच्या कडेने हातोडी घेऊन चालायचं, एकेका चाकावर ठोका मारायचा आणि आवाजावरून चाकाला तडा गेलाय का ते ओळखायचं. "डॉक्टर नळी लावतो, आम्ही हातोडी लावतो," ते म्हणायचे. "आमचा पेशंट जास्त सोसणारा, एवढाच फरक."

बोरिवली पूर्वेला आमची चार मजल्यांची इमारत आहे. काका तळमजल्यावर, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. दर फाल्गुनात जिन्याजवळच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरातला एक कागद लागायचा: 'माठ हवा असल्यास नाव लिहावे. – दळवी, तळमजला.' खाली आठ-नऊ नावं यायची. मग एका रविवारी माझ्या गाडीतून आम्ही दोघं नदीकाठच्या एका कुंभारांच्या गावाला जायचो. गावाचं नाव लिहीत नाही. काकांनीच बजावलं होतं, "नाव सांगू नको कोणाला. पुढच्या रविवारी अर्धी बोरिवली येईल आणि माठाबरोबर सेल्फी काढून जाईल."

मला त्या गावात फार थांबायचं नसे. माठ घ्यावेत, जेवायला घरी पोचावं, असा माझा हिशोब. काकांचा वेगळा. गाडी ते मुद्दाम वेशीवर उभी करायला लावायचे आणि तिथून, ज्यांच्याकडून माठ घ्यायचो त्या सुमनवहिनींच्या अंगणापर्यंतचं दहा मिनिटांचं अंतर तासाभरात चालायचे. प्रत्येक ओटीवर थांबणं. "काय, यंदा माती कुठली? बंधाऱ्याखालची?" म्हणून चिमूटभर ओली माती बोटांत चुरडून बघणं. गल्लीत उपडी घातलेली मडकी उन्हात वाळत असायची, त्यांतून पाय टाकत जावं लागे. भट्टीच्या जळक्या पेंढ्याचा वास कपड्यांना बसायचा. गल्ली संपली की नदी. तिथे काका चपला काढून पाण्यात पाय सोडून बसणार. मी घड्याळ बघितलं की म्हणायचे, "माठ न्यायला आलोय रे, पळवायला नाही."

घाटावर एक चहावाला होता. तो कागदी कपातून चहा द्यायचा. काका दरवर्षी त्याला तेच ऐकवायचे, "अख्खं गाव मातीचं, आणि तुझा कप कागदाचा! लाज आहे का?" आणि तो दरवर्षी तेच उत्तर द्यायचा, "काका, मातीचा कप देतो की. धुवायला तुम्ही येता का?"

सुमनवहिनी चाक, थापी आणि भट्टी एकटीने सांभाळणाऱ्या. नवरा गेल्यावरही त्यांनी काम थांबवलं नाही. त्यांच्या अंगणात माठांची रांग असायची. काका उकिडवे बसायचे, डाव्या हाताची दोन बोटं माठाच्या काठावर अलगद ठेवायचे आणि उजव्या पेराने ठोकायचे. नऊ नावांचे नऊ माठ आणि दहावा स्वतःचा. दहावा निवडताना वहिनी पदर तोंडावर धरून हसायच्या. का, ते मी कधी विचारलं नाही. मला निघायची घाई असायची.

आता माझी चूक सांगतो. काका गेल्यावर सांगतोय, याचीही लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकडे जाताना काकांच्या मागून एक सायकल आली. सायकलवाला घंटी वाजवत होता, ट्रिंग ट्रिंग, अगदी पाठीशी. काका ढिम्म हलले नाहीत. मी त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं. मग लक्षात आलं की बोलणं त्यांना ऐकू येतं, पण बारीक, वरचा आवाज येत नाही. खिशातला फोन किणकिणत राहतो, यांना पत्ता नसतो. मग माठ कसे पारखतात? त्या दिवशी काका नदीवर पाय धुवायला गेले आणि वहिनी पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा मी निवडलेले दहाही माठ स्वतः वाजवून बघितले. नऊ खणखणीत वाजले. दहावा बद्द. मी तो गुपचूप रांगेत ठेवला आणि एक चांगला वाजणारा उचलून आणला. म्हाताऱ्या माणसाची लाज राखली, असं वाटून मला अगदी भरून आलं होतं.

तिथेच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण परत आल्यावर जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे नेने भेटले आणि मी म्हणालो, "कोणाला बोलू नका, पण काकांना आता आवाज कळत नाही. माठ मीच तपासून आणले." नेन्यांना असं सांगणं म्हणजे फळ्यावर लिहिण्यासारखंच, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणू शकत नाही. मला कौतुक हवं होतं. ते मिळालं.

पुढच्या फाल्गुनात कागद लागला. आठवडा झाला, दोन झाले. कागदावर एकच नाव होतं, माझं. कोणी म्हणे फ्रिज आहे ना, कोणी म्हणे ऑनलाइन मागवला. काका येताजाता कागदासमोर थांबायचे, पेराने फळा ठोकायचे आणि घरात जायचे. शेवटी रविवारी माझ्या दारावर ठकठक झाली. "चल. एकच आणायचाय, म्हणजे आज निवांत फिरता येईल."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या चालीने चाललो. प्रत्येक ओटीवर थांबलो, कागदी कपातला चहा प्यायलो. अंगणात पाऊल टाकताच सुमनवहिनींनी विचारलं, "काका, रागावणार नसाल तर विचारते. गेल्या वर्षी तुम्हाला सापडला नाही? तुम्ही गेल्यावर बघते तर माझा बद्द माठ रांगेतच. वर्षभर जिवाला लागून राहिलंय."

मला काही कळेना. मग वहिनींनीच सांगितलं. प्रत्येक भट्टीत एखादा माठ बिघडतोच. तो त्या मुद्दाम चांगल्या माठांत लपवायच्या आणि काका तो हुडकून काढून दहावा म्हणून न्यायचे. अनेक वर्षांचा दोघांचा खेळ होता तो.

"सापडला होता," काका म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण वाटेत पाय फुटले त्याला."

मी तिथेच, मडक्यांच्या मधोमध उभा राहून, सगळं सांगितलं. अदलाबदल सांगितली, नेन्यांना बोललो तेही सांगितलं. वहिनी कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो दादा, तुम्ही तर दोघांनाही फसवलंत!"

काका मनातून हलले की मालवणीवर यायचे. "मेल्या, तुका काय वाटला, माका कळना नाय? आवाज तर कधीच गेलो. हातोडीनं खाल्लो." मग माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं, माझी दोन बोटं एका माठाच्या काठावर ठेवली आणि ठोकलं. काठ थरथरला. मुंगी चालल्यासारखं काहीतरी बोटांतून मनगटापर्यंत गेलं. "तडा असला तर ही थरथर मरते. कान रिटायर झाले रे. बोटं अजून ड्युटीवर आहेत."

"मग घरी गेल्यावर तुम्हाला कळलंच असेल," मी म्हणालो.

"गाडीतून उतरवतानाच. म्हटलं, पोरगा प्रेमाने वागलाय, जाऊ दे. पण चांगल्या माठाचा गळा कापून त्यात कढीपत्ता कसा लावू? तो बिचारा अजून डालड्याच्या डब्यात आहे." आमच्या इमारतीच्या फाटकाजवळच्या भिंतीला लागून गळा कापलेल्या माठांची रांग होती. तुळस, ओवा, गवती चहा. मी रोज तिथेच गाडी लावत होतो.

"आणि नेन्यांचं..." मी म्हणालो.

"हां. एकदम सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागले. माका वाटला, सोसायटीत भांडणां वाढली." ते खो खो हसले. मग माठाकडे बघत हळूच म्हणाले, "कागद कोरा राहिला, तेव्हा मात्र वाईट वाटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळ्यावरच्या त्या कागदाखाली लिहिलं: 'काकांची पारख चुकलेली नाही. माझी चुकली, आणि मी ती बोलूनही दाखवली. माफी असावी.' खाली सही केली. काका वाचून म्हणाले, "एवढं लांबलचक कशाला? माणसं माठ घेतात, निबंध नाही." पण संध्याकाळपर्यंत सात नावं आली. पहिलं नेन्यांचं. पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. येताना काका पुढच्या सीटवर आणि त्यांच्या मांडीवर, पट्ट्याच्या आत, बद्द माठ. सिग्नलला पोलिसाने आत डोकावून पाहिलं, तर काका म्हणाले, "दोघांनीही बेल्ट लावलाय साहेब."

त्या दिवाळीनंतर काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

यंदा कागद मी लावला. अक्षर वाईट, पण नावं अकरा. गाडी वेशीवर उभी करून चालत गेलो, नदीत पाय सोडून बसलो. वहिनींच्या अंगणात उकिडवा बसलो आणि दोन बोटं काठावर ठेवून रांगेतले माठ एकेक करून ठोकत गेलो. पहिल्या फेरीत सगळेच चांगले वाटले. वहिनी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी परत सुरुवातीपासून आलो. तिसऱ्या फेरीत भिंतीकडच्या एका माठाच्या काठावर मुंगी चाललीच नाही.

"सापडला?"

"सापडला."

"काकांना एवढा वेळ लागत नव्हता हो," वहिनी म्हणाल्या.

तो माठ मी पुढच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.