क्रॉसकाका

आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात सगळे एकाच सर्व्हरवर काम करतात. टेबलावरचा कॉम्प्युटर नावापुरता. मेल, फायली, सगळं त्या एका यंत्रात. ते सांभाळतात क्रॉसकाका. काम संपलं की आम्ही पडद्याच्या कोपऱ्यातला क्रॉस दाबून उठतो, रीतसर लॉग ऑफ करत नाही, आणि काका त्यावरून कानीकपाळी ओरडत असतात. नाव मीच ठेवलं.

काकू गेल्यापासून काका एकटे. लेक लांब, त्याचा फोन आला तर आला. जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर घरघरतो आणि त्याच्या शेजारी बसून काका डबा खातात. तिथे कुणी फिरकत नाही. मेल बंद पडला की मात्र अख्ख्या ऑफिसला काका आठवतात.

आणि मेल रोज पडायचा. लिहिता लिहिता पडदा पांढरा व्हायचा, की लिहिलेलं गेलंच. काकांनी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, एकेकाचं प्रोफाइल नवं करून पाहिलं, ढिम्म फरक नाही. मग कारण सापडलं ते आमच्याच बोटांत. क्रॉस दाबला तरी सर्व्हरच्या लेखी आपण आतच असतो, आपला मेल उघडा राहून मेमरी खात बसतो. घरी गेलेल्यांनी अशी जागा अडवली, तर कामावर असलेल्यांचा मेल कोसळणारच.

तेव्हापासून काका टेबलाटेबलाशी यायचे. अशी उघडी राहिलेली सेशन्स हाताने बंद केली म्हणून सांगायचे, खुर्ची ओढायचे, आणि गुडघेदुखीपासून भाजी खारट झाल्यापर्यंत सगळं निघायचं. मी जाम वैतागायचे. एकदा तोंडावरच विचारलं, हे आपोआप बंद करायची सोय नसते का? काका चष्मा पुसत राहिले.

"असते," म्हणाले, आणि उठून गेले.

पुढे स्टोअरच्या ताईंचं ते झालं. त्यांना लेकीच्या गावी बदली हवी होती. लेकीचे दिवस भरत आलेले आणि तिच्यापाशी कुणी नाही. अर्ज दुपारच्या आत पाठवायचा होता. ताई लिहीत गेल्या आणि मेल पडत गेला. अर्ज पोचला तेव्हा मुदत टळली होती. ताई पदराने डोळे टिपत स्टोअरमध्ये परतल्या. काका तिथेच उभे होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी सर्व्हरमध्ये एक सेटिंग बदललं. क्रॉस दाबून कुणी गेलं, की थोड्या वेळाने त्याचं सेशन आपोआप बंद. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर मेल एकदाही पडला नाही. साहेबांनी शाबासकी दिली, आणि विषय संपला.

काकांचं येणंही संपलं. सुरुवातीला मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग एके दुपारी जिन्यावरून उतरताना त्यांच्या खोलीचं दार उघडं दिसलं. काका फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावत होते. लाइन चालू आहे ना, एवढं बघून त्यांनी तो जागेवर ठेवला. पुन्हा उचलला. ती सोय त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती, आणि ती का लावली नव्हती, हे मला तिथे पायरीवर कळलं.

मी माझ्या टेबलाशी आले आणि त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"काका, माझा मेल पडलाय."

पलीकडे सर्व्हरची घरघर ऐकू येत होती.

"तुझं सेशन मला इथून दिसतंय गं," काका म्हणाले. "मेल चालू आहे."



"येतो तरी," ते म्हणाले. "खुर्ची आहे ना तिथे?"