हसणारा शेतकरी पाहिजे

संघदीपला खराब चित्र सहन होत नसे. कोणाच्या घरी पाणी प्यायला बसला आणि समोरच्या टीव्हीवर मुंग्या दिसल्या, की हातातला ग्लास खाली ठेवून तो आधी टीव्हीच्या मागे शिरायचा. पांढरकवड्याच्या बसस्टँडमागे, रामरावच्या कृषी केंद्राच्या गोदामाला लागून त्याची टिनाची खोली होती. शिक्षण नववी. बाकीचं सगळं वणीच्या एका रेडिओवाल्याच्या हाताखाली, शिव्या खात शिकलेलं. गिऱ्हाईक म्हणायचं, "चालते न आता, राहू द्या जी," तर हा उलट चिडायचा. "चालते म्हणजे काय? बोलणाऱ्या माणसाच्या कपायावरचा घाम दिसला पाहिजे!" अशानं धंदा वाढत नाही, नाव तेवढं वाढतं.

त्याला वाढवलं ते जयाताईनं. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि ती पंधराची. तिनं शाळा सोडली म्हणून हा शाळेत जाऊ शकला, आणि ती शाळा यानं नववीत सोडून दिली तेव्हा ती रागावली नाही, "मंग आता काय शिकतं?" एवढंच तिनं विचारलं. पुढे तिचं लग्न झालं, तीस किलोमीटरवरच्या खेड्यात. नवरा उकंडा. तीन एकर मुरमाड वावर, विहीर नाही. उकंडा वाईट माणूस नव्हता, पण रागाच्या भरात बायकोवर त्याचा हात उठायचा, आणि बायकोच्या भावाला तो वायरी जोडणारा रिकामटेकडा समजायचा.

ती टिनाची खोली रामरावची. त्यानं ती फुकट वापरायला दिली होती आणि दिली आहे हे ऐकवायला तो कधी विसरत नसे. दोन हजार आठच्या मे महिन्यात रामरावनं केंद्रात लावायला भिंतीवरचा पातळ टीव्ही घेतला. पेरणीच्या तोंडावर गर्दी होते, तेव्हा बियाण्याच्या कंपनीची फिल्म दिवसभर दाखवायची असा त्याचा बेत. डीव्हीडी प्लेअर निवडायला तो संघदीपला यवतमाळला घेऊन गेला. तिथल्या दुकानात रामरावनं सगळ्यात स्वस्त खोक्यावर बोट ठेवलं.

"हा नको जी," संघदीप म्हणाला. "याले मागं पिवळ्या वायरचंच भोक हाय. सारं चित्र त्या एका वायरीतून घुसवते अन रंगात रंग मिसळते. इतक्या भारी टीव्हीले ते म्हणजे नव्या नवरीले फाटकं लुगडं नेसवल्यावानी."

"मंग?"

"ह्या दुसऱ्याले तीन वायरी हायत, हिरवी, निळी अन लाल. त्याच्यात जास्त साफ दिसते. पण घ्याचाच तं हा तिसरा घ्या. याले ही चपटी पिन हाय. चित्र अन आवाज दोन्ही एकाच वायरीतून, बिलकुल साफ."

"माह्याकडे लोक बी घ्याले येते बे, सिनेमा पाहाले नाही."

"लोक डोयानंच घेते, रामरावजी."

रामराव जातिवंत दुकानदार. हे वाक्य त्याला बरोबर लागलं आणि त्यानं तिसरा प्लेअर घेतला. संघदीप तेव्हा गप्प बसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ज्याला आपल्या कामाची घमेंड असते तो गप्प बसत नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी त्यानं टीव्ही भिंतीवर चढवला, चपटी वायर जोडली आणि कंपनीची चकती आत सरकवली. हिरवंगार वावर आलं. बोंडं अशी फुटलेली की पानं दिसत नव्हती. मग पांढरा फेटा बांधलेला एक माणूस, दोन्ही हातांत कापूस घेऊन खदखदून हसणारा. तो संघदीप होता.

आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. कापसाची ती वाईट वर्षं, जिल्ह्यात कॅमेरेवाल्यांचा नुसता सुळसुळाट. मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या, जीव दिलेल्या शेतकऱ्याची विधवा कुठे राहते म्हणून विचारायच्या, आणि त्या बाईला पुन्हा एकदा दारात उभं राहून रडायला लावायच्या. रडणारे चेहरे पाहिजे तितके मिळत. बियाण्याच्या कंपनीला मात्र हसणारा शेतकरी पाहिजे होता, आणि तो अख्ख्या तालुक्यात सापडेना. वावर मिळालं होतं, विहिरीचं, एका वकिलाचं. पण वकील पोट सुटलेला. शेतातले गडी हसायला सांगितलं की दात विचकून उभे राहत. संघदीप तिथे गेला होता तो फिल्मवाल्यांचा बंद पडलेला छोटा टीव्ही दुरुस्त करायला. फिल्मवाल्यानं त्याचे दात पाहिले आणि त्यालाच फेटा बांधला. "नुसता हास, ओठ हालव, आवाज आम्ही नागपूरला टाकतो. इकडे नाही दाखवत रे, खानदेशात दाखवतो." संघदीप हसला, आणि मनापासून हसला. जन्मभर टीव्हीच्या मागे बसलेल्या माणसाला पहिल्यांदाच कोणी पुढे उभं केलं होतं. एवढ्यावर माणूस खूश होतो, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता मात्र त्याला दरदरून घाम फुटला. तालुक्यातली सगळी खेडी या केंद्रात येत. त्यात जयाताईचं गावही आलं. ज्याच्याकडे कुंडीभर माती नाही तो एकरी पंधरा क्विंटल झाला म्हणून हसतो आहे, हे ओळखीच्यांनी पाहिलं तर तोंडावर थुंकतील. त्यानं चपटी वायर काढली, आपल्या खोलीतून जुनी पिवळी आणली आणि पिन अर्धवटच खोचली. चित्र फिकट झालं, हलायला लागलं, माणसाच्या चेहऱ्याचा नुसता गोळा झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं चित्र बिघडवलं होतं. दिवसभर त्याला जेवण गेलं नाही.

तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी केंद्रात पंचवीस-तीस माणसं असताना रामरावनं त्याला हाक मारून बोलावलं. गर्दीत उकंडाही होता. तो लवकर येणारं जुनं, स्वस्त बी घ्यायला आला होता. मुरमाड वावराला तेच चालायचं.

"पाहा हे चित्र!" रामराव सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "इतका भारी माल आणला अन मुंग्या नाचून राह्यल्या. अन हा म्हणे मेकॅनिक! फुकटात खोली भेटली का असंच होते तुमच्या लोकाईचं."

लोक हसले. उकंडा हसला नाही, पण त्यानं मान खाली घातली, जणू या माणसाशी आपलं काही नातं नाही. संघदीपच्या कानशिलांत रक्त चढलं. दुसरं काहीही म्हणाले असते तर चाललं असतं, पण हा मेकॅनिकच नाही म्हणाले! तो भिंतीशी गेला, पिवळी वायर ओढून फेकली आणि चपटी पिन खाडकन बसवली.

चित्र आलं. बोंडाचा तंतू न तंतू दिसत होता. "अबब," असं कोणीतरी म्हणालं. संघदीप दोन पावलं मागे सरकला आणि समाधानानं पाहत उभा राहिला. ते दोन क्षण तो चेहरा कोणाचा आहे हेच तो विसरला होता.

"अबे, हा तं हाच हाय!" मागून एक म्हातारा ओरडला.

पडद्याकडून माणसाकडे आणि माणसाकडून पडद्याकडे माना फिरल्या. रामरावही क्षणभर चकित झाला. पण तो क्षणभरच. लगेच त्यानं संघदीपच्या खांद्यावर हात टाकला. "मंग! मी म्हणत नव्हतो? आपल्याच बाजूचा माणूस हाय. दुसऱ्याचं वावर ठोक्यानं केलं होतं यानं."

"आवाज काहून दुसरा हाय याचा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सर्दी होती त्या दिवशी. सांग बे, झाला का नाही कापूस?"

उकंडा गर्दीतून पुढे आला होता. बायकोच्या या भावाकडे त्यानं आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. "तू सांगतलं नाही बाप्पा आमाले," तो म्हणाला. आवाजात रुसवा होता, आणि मान होता. संघदीपला टिनाची खोली आठवली, मिनिटापूर्वीचं लोकांचं हसणं आठवलं. नाही म्हणायला एकच शब्द लागत होता. हो म्हणायलाही एकच लागत होता.

"झाला," तो म्हणाला.

उकंडानं जुनं बी परत ठेवलं आणि फिल्ममधलं घेतलं. गावी जाऊन त्यानं पारावर बसून सगळ्यांना सांगितलं की हे कंपनीचं बोलणं नाही, माझ्या साळ्याच्या वावरातलं आहे. त्याच्या शब्दावर अकरा घरांनी तेच पेरलं.

ते बी विहिरीच्या वावराचं होतं, आणि फिल्ममध्ये विहीर दिसत नव्हती. ऑगस्टमध्ये पावसानं बावीस दिवस दडी मारली. कपाशीच्या पात्या, कळ्या गळाल्या. पुढे पानांवर लाल्या आला आणि वावरं तांबडी झाली. संघदीपला सगळं कळत होतं. तीस किलोमीटर. दिवसातून सहा गाड्या. रोज सकाळी तो उद्या जाऊ म्हणायचा. गेला नाही. लेकाचा एकदाही गेला नाही.

नोव्हेंबरात जयाताईच आली. डाव्या मनगटाला लुगड्याची चिंधी बांधलेली. पिशवीतून तिनं कपाशीचं एक वाळकं झाड काढलं आणि टेबलावर उघड्या टीव्हीशेजारी ठेवलं.

"पाहा बरं संघा, काय चुकलं माह्यं? खताचा दुसरा डोस तू कधी देल्ला होता? हे म्हणते, तुह्या भावाच्या वावरात झाला, मंग आपल्यात काहून नाही झाला? म्हणते, तुह्या हातातच खोट हाय."

"हाताले काय झालं, ताई?"

"ते राहू दे. तू खताचं सांग."

मग त्यानं सांगितलं. वकिलाचं वावर, विहीर, फेटा, खानदेश, सगळं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे तू नुसता हासला?"

"हो."

"वावर नव्हतंच?"

"नव्हतं. मी येतो ताई. भाऊजीले सांगतो. मले मारू दे पाहिजे तितकं."

"तुले मारून होईन काय?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अकरा घरं त्याईच्या बोलण्यावर बुडाले. गावात लोक आताच म्हणून राह्यले का तुह्या साळ्याचं वावर नव्हतंच. तेव्हापासून ते घास गियत नाही. हे खरं हाय असं कयलं, तं त्याईले तोंड दाखवाले जागा राहणार नाही. अन तसे माणसं काय करते, हे तुले मालूम हाय. मारते तं मारू दे. जिते तं राहीन."

संघदीप रडायला लागला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही.

"रविवारी ये," ती म्हणाली. "चार माणसाईच्या पुढं सांग, का वावर होतं, कापूस झाला. अन आमचा काहून नाही झाला असं कोणी इचारलं, तं ताईनं खत चुकीचं देल्लं म्हण. तू सांगतलं का त्याईले पटते."

रविवारी तो गेला. या वेळी त्यानं गाडी चुकवली नाही. उकंडाच्या ओसरीवर आठ-दहा माणसं जमली. उकंडा खंगला होता, दाढी वाढलेली. ताईनं जसं सांगितलं होतं तसं सगळं संघदीपनं सांगितलं. वावर होतं. कापूस झाला. खताचा दुसरा डोस उशिरा पडला, तिथंच चुकलं.

"म्हणजे बी चांगलंच होतं," उकंडा म्हणाला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोकळा झाला. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं आणि मग दाराकडे वळून म्हणाला, "ऐकलं का वं?"

"ऐकलं," जया म्हणाली, आणि भावाला चहा दिला.