शेपूटसरांचा गृहपाठ

शेपूटसर नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी घराबाहेर काढत. मी नाव सांगून, पर्स सावरत सतरंजीवर बसतेय तोच ते दाराकडे बोट दाखवून गरजले, "गेट आउट!" मी बाहेर. "कम इन!" मी आत. "गेट अवे!" मी पुन्हा बाहेर, या वेळी थेट जिन्यापर्यंत. समोरच्या घरातल्या बाई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "नवीन का? घाबरू नकोस, दोन मिनिटांत बोलावतील. तो जिग्नेश तर रडला होता."

क्लास म्हणजे भाईंदर ईस्टला, गोडदेवच्या एका जुन्या बिल्डिंगमधलं सरांचं राहतं घर. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मधल्या पडद्याआड काकू. सर मूळचे गिरगावचे. एका शिपिंग कंपनीत इंग्रजी पत्रं टाइप करण्यात जन्म घालवून रिटायर झाले आणि इकडे आले. वर कडक इस्त्रीचा शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, हा त्यांचा युनिफॉर्म. टेबलामागे बसल्यावर वरचंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मात्र ते टेबलामागे बसलेले कुणीही कधी पाहिले नाहीत.

'फ्रेझल व्हर्ब' हे नाव त्यांना पसंत नव्हतं. ते म्हणत, "बैल तोच असतो रे. मागचं शेपूट बदललं की लाथ बदलते." गेट, पुट, लुक, टेक हे त्यांचे बैल. अप, ऑफ, आउट, ओव्हर ही शेपटं. आमच्या बॅचने त्यांचं बारसं केलं ते यावरूनच. नाव सरांच्या कानावर गेलं होतं, आणि काकूंच्याही. एकदा मी फोन केला तर काकू शांतपणे म्हणाल्या, "शेपूटसर अंघोळीला गेलेत."

त्यांच्या शिकवण्यात पाठांतराला थारा नव्हता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या असत. प्रत्येकाने एक उचलायची आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्यावरचं क्रियापद एका जिवंत माणसावर वापरायचं. मग वर्गात उभं राहून सांगायचं: कुणावर, कुठे, काय झालं. आरसा चालणार नाही, मांजर चालणार नाही. जिग्नेशला 'शो ऑफ' आलं. भाईंदर वेस्टच्या दुकानात तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सख्ख्या काकाला म्हणाला, "अंकल, डोन्ट शो ऑफ." दुसऱ्या दिवशी गालावर बोटांचे वळ घेऊन आला. सरांनी त्याला दहापैकी दहा दिले. "मार पडला म्हणजे अर्थ पोचला," म्हणाले.

मी तेव्हा मीरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिसेप्शनवर होते. इंग्रजी सुधारलं तर वरची जागा मिळणार होती. दुसरीकडे माझा साखरपुडाही होऊन बसला होता. मुलगा बँकेत, निर्व्यसनी, सगळ्यांच्या मते लाखात एक. हा लाखातला एक मला दिवसभर लाइव्ह लोकेशन चालू ठेवायला लावायचा. डब्यात काय आहे त्याचा फोटो मागायचा. लग्नानंतर नोकरी सोडायची हे त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "काळजी करतो गं तो." बाबांना सांगायची हिंमत नव्हती. पत्रिका छापून आल्या होत्या आणि रोज रात्री जेवताना बाबा एखादी उघडून कौतुकाने वाचत.

अशात एका सोमवारी मला 'लुक आफ्टर' आलं आणि शेजारी बसलेल्या जिग्नेशला 'कॉल ऑफ'. मी त्याची चिठ्ठी दोनदा वाचली. मी हळूच त्याला म्हटलं, "बदली करेगा क्या?" तो म्हणाला, "ले ना यार. मेरेको तो बस संडे का मॅच कॅन्सल करने का था." सर फळा पुसत होते, पण फळा पुसताना त्यांची मान आमच्याकडेच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या जिन्यावर उभी राहून मी फोन लावला. मराठीत ते वाक्य मी महिनाभर जुळवत होते, पण तोंडाशी आलं की त्याच्यामागून आई यायची, बाबा यायचे, मावशी यायची, हॉलवाला यायचा. इंग्रजीत माझा एकही नातेवाईक नव्हता. मी म्हटलं, "आय अ‍ॅम कॉलिंग ऑफ धिस वेडिंग." तो म्हणाला, "काय नाटक लावलंयस?" मग मात्र मराठी आपोआप आलं. "नाटक नाही. लग्न मोडतेय मी." त्या दिवशी मी डबा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, फोटो न काढता.

संध्याकाळी वर्गात उभी राहिले. कुणावर, कुठे, काय झालं, सगळं नियमाप्रमाणे सांगितलं. पडद्याआड काकूंनी गॅस बंद केल्याचा आवाज आला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दहापैकी दहा," ते इतक्या हळू म्हणाले की पुढच्या रांगेलाही नीट ऐकू गेलं नसेल.

तेवढ्यात बाबा आले. मुलाकडच्यांचा फोन घरी पोचला होता. "मास्तर, काय चाललंय हे? इंग्रजी शिकवताय की पोरींची लग्नं मोडताय?"

काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "आधी बसा. ओरडायचंच तर चहा घेऊन ओरडा."

बाबा बसले, पण चहाला शिवले नाहीत. "अर्ध्या पत्रिका वाटून झाल्यात. लोकांना काय तोंड दाखवू?"

मी चिठ्ठीच्या अदलाबदलीचं सांगायला तोंड उघडलं. सरांनी हाताने गप्प केलं. "लोकांना सांगा, मास्तर वाईट होता," ते म्हणाले. "गृहपाठ मी दिला. पोरीचा दोष नाही."

बाबांनी ते शब्दशः सांगितलं. प्रत्येक नातेवाइकाला, प्रत्येक शेजाऱ्याला. "त्या मास्तरने डोकं फिरवलं पोरीचं." त्यामुळे मला कुणी फारसं बोललं नाही, सगळं गोडदेव सरांनाच बोललं. महिनाभरात निम्म्या पालकांनी मुलं काढून घेतली. सर उरलेल्या सहाजणांसमोर तितक्याच जोरात 'गेट आउट' ओरडत राहिले. मला लाज वाटायची. अजूनही वाटते.

पुढे बिल्डिंग धोकादायक ठरली आणि सर-काकू मुलीकडे नाशिकला निघाले. सामान बांधायला मी गेले होते. दोरीची गाठ मारता मारता मी विचारलं, "सर, चिठ्ठी मी बदलून घेतली होती, तुम्ही पाहिलं होतंत. मग सगळं अंगावर का घेतलंत?" ते खोक्यावर टेकले. "अगं, घाबरलो होतो मी. इतकी वर्षं शिकवतोय, पोरं मॅच रद्द करतात, डेंटिस्टची अपॉइंटमेंट रद्द करतात. खरंखुरं काही करून आलेली तू पहिलीच. मग तुला एकटीला कसं सोडायचं?"

गेल्या वर्षी सर गेल्याचा काकूंचा फोन आला. मी नाशिकला जायची तयारी करतेय तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "मीपण येतो," एवढंच म्हणाले. वाटेत एकदाच म्हणाले, "तो डब्याचेसुद्धा फोटो मागायचा, हे मला तेव्हाच सांगायचं होतंस." दार सरांच्या मुलीने उघडलं. मला तिने ओळखलं, बाबांना कसं ओळखणार? तिने विचारलं, "आपण?"

बाबांनी हात जोडले. "तुमच्या वडिलांनी माझ्या मुलीचं लग्न मोडलं," ते म्हणाले. "त्यांचे आभार मानायचे राहिले होते."