किल्ल्यातले घोडेस्वार

मल्लेश सरांच्या किल्ल्यात सात घोडेस्वार उभे होते, आणि सर त्यांना बाहेर पडू देत नव्हते.

किल्ला मोबाइलमधला. खेळ निवांत होता: आधी एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. लातुरातून सर चाल करत, नांदेडातून यासेर उत्तर देई. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोघं एका खोलीत राहत, तेव्हापासूनचा हा नाद. पदवीनं दोघांनाही काही दिलं नाही. यासेर स्टेशनजवळ ट्रॅव्हल्सची तिकिटं विकायला बसला. तिकिटं लोक मोबाइलवर काढू लागले तसा त्याच गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकू लागला. मल्लेश देगलूरकडचा. तो लातुरात क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायला लागला आणि बघता बघता मल्लेश सर झाला.

खेळात राज्य दगडी हत्यारांपासून सुरू होतं आणि युगामागून युग ओलांडत बंदुकीपर्यंत, तोफेपर्यंत जातं. मधल्या, किल्ल्यांच्या युगात प्रत्येक राज्याला एक खास फौज मिळते, दुसऱ्या कुणाकडे नसलेली. सरांच्या राज्याला धावत्या घोड्यावरून बाण मारणारे स्वार मिळाले. बाण सोडून त्याच चालीत मागं सरकायचे, कुणाच्या हाती लागायचे नाहीत. त्या युगात त्यांना तोड नव्हती. पण त्यांना पोसणं जड होतं, आणि एक मेला तर दुसरा उभा करायला फार चाली जात. सरांना वाटे, असली माणसं फुटकळ चकमकीत कशाला घालवायची? मोठी लढाई आली की काढू. तोवर सीमेवर साधे भालेकरी जात आणि मरत.

यासेर त्या स्वारांना जावई म्हणे. फोन केला की पहिलं तेच. "मल्ल्या, जावई काय करून राहिले तुझे? जेवले का?"

सर हसत. हसताना कधी कधी त्यांच्या मनात काहीतरी थंडगार हलून जाई, पण ते त्याकडे बघत नसत.

कारण क्लासमध्येही त्यांना असंच सांभाळून ठेवलं होतं. मेडिकलच्या प्रवेशाला राज्याची परीक्षा होती तेव्हा मल्लेश सरांचा अंदाज म्हणजे अर्धा पेपर, असं पोरं म्हणायची. रोजचं शिकवणं त्यांच्याकडे नव्हतंच. ते इतरांनी करायचं. परीक्षा तोंडावर आली की सरांची उजळणीची बॅच लागे आणि परभणी-बीडकडची पोरंही जिन्यावर बसून ऐकत. धातू काढण्याचं प्रकरण त्यांच्या तोंडून ऐकावं. भट्टी डोळ्यांसमोर पेटायची. वर्षभर फळा घासायची त्यांना गरज वाटली नाही, आणि क्लासच्या जुन्या मालकांनीही ती वाटू दिली नाही. त्या रिकाम्या महिन्यांत यासेर म्हणे, नवी परीक्षा येऊन राहिलीय, पुस्तकं चाळ. सर म्हणत, बघू.

मग देशाची परीक्षा आली. पुस्तकं बदलली, हैदराबादकडचे तरुण मास्तर आले, ते इंग्रजीत झरझर बोलत. आणि क्लास आदर्शच्या हातात गेला. आदर्श सरांचाच विद्यार्थी. त्यानं सरांचा फोटो औसा रोडवरच्या फलकावर सगळ्यांत मोठा लावला, त्यांना काचेची केबिन दिली, आणि बॅच मात्र दिली नाही. प्रवेशाच्या दिवसांत पालक केबिनमध्ये येत, हात जोडत, पोराला पाया पडायला लावत. पोरगं पाया पडून दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसे. दोन वर्षं हे असंच चाललं होतं.

यंदा आदर्शनं तोंडी सांगितलं होतं की दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या पोरांची एक बॅच सरांना देऊ. नवं वेळापत्रक लागायचं होतं. त्या एका वाक्यावर सर जगत होते. बायको शिल्पा म्हणायची, स्वतःहून विचारा. सर म्हणायचे, आपण विचारायचं नसतं, त्यांनी बोलवायचं असतं. ती भाकरी थापत राहायची.

त्याच आठवड्यात खेळात युग बदललं. यासेरचे बंदूकवाले डोंगर उतरून खाली आले. सरांनी घाईनं स्वार बाहेर काढले, तर पहिल्याच गोळीत दोन पडले. उरलेले मागं घेतले. लढाईला जुने झालेले स्वार बंदूकवाले करून घ्यायची सोय खेळात असते. सरांनी ती वापरली आणि फोन लावला. म्हणाले, पाचच्या पाच एकदम साधे निघाले, खास असं काहीच उरलं नाही त्यांच्यात. खेळात चूक आहे का?

"चूक न्हाई, मल्ल्या," यासेर म्हणाला. "खास फौज लढली की शिकते. शिकलेलं पुढच्या युगात संगं येतं. हातात बंदूक आली तरी ते मारून मागं सरकणं राहतं. तुझे लढलेच कवा?"

"जपले होते."

"हाव. जपलेलं शिकत न्हाई."

पलीकडे गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी आदर्शनं बोलावलं. उभा राहिला, खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, बॅच द्यायचीच आहे, फक्त नव्या मास्तरांसमोर एक तास घ्या. सगळेच घेतात, तुम्हाला सांगताना मला लाज वाटते. सरांना राग यायला हवा होता. त्यांना आनंद झाला. काय शिकवू, असं त्यांनी विचारलंही नाही. ठरलेलंच होतं.

वर्ग भरला होता. मागच्या बाकांवर तरुण मास्तर, पुढं पोरं. सरांनी खडू घेतला आणि धातू काढण्याचं प्रकरण सुरू केलं. पहिली काही वाक्यं अडखळली, मग जीभ सैल झाली. भट्टी पेटली, खनिज वितळलं, मळी वर तरंगू लागली. सरांना आपला जुना आवाज ऐकू आला. पोरं अगदी शांत होती. सरांना वाटलं, रंगलीत. इथं प्रश्न नक्की येतो, असं सांगून त्यांनी फळ्यावर चौकट केली, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. मुखेडची बुशरा, दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी.

"सर, हे आता न्हाई."

"काय नाही?"

"हे प्रकरण. काढून टाकलंय." मग तिला वाईट वाटलं असावं, कारण ती खाली बघत म्हणाली, "पण छान हाय, सर. तुम्ही पूर्ण करा."

आणि सरांनी ते पूर्ण केलं. दुसरं काय करणार होते? जे प्रकरण आता कुणालाच नको होतं ते त्यांनी शेवटपर्यंत शिकवलं, आणि साठ-सत्तर जणांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही. मागच्या तरुणांपैकी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

संध्याकाळी वेळापत्रक लागलं. सरांचं नाव त्यात सगळ्यांत वर, जाड अक्षरांत होतं: मार्गदर्शक. खाली बॅचांचे रकाने होते. त्यांनी रकाने एकेक करून वाचले. आपलं नाव नाही हे पहिल्या नजरेतच कळलं होतं, तरी वाचले.

घरी शिल्पानं ताट वाढलं. सरांनी यासेरला फोन करून सगळं सांगितलं, अगदी मुलीच्या वाक्यासकट. सांगताना विनोद करून पाहिला. यासेर एरवी असल्या विनोदाला सोडत नसे. आज तो नुसता "हं, हं" करत राहिला.

पुढच्या दुपारी सरांनी खेळ उघडला. यासेरचे बंदूकवाले किल्ल्याला वेढा घालून उभे होते. तट पडलेला, आत पाच साधी माणसं. एका चालीचं काम होतं. यासेरनं चाल सोडून दिली होती. सरांनीही काही न करता आपली चाल संपवली. थोड्या वेळानं उत्तर आलं. वेढा तसाच, आणि एकही गोळी नाही. असं पुन्हा झालं. संध्याकाळपर्यंत फौज दारात उभी राहिली, वाट अडवून, बोट न लावता.

केबिनमध्ये ट्यूबलाइट लागली. काचेपलीकडून पोरं वर्गांकडे जात होती. जाता जाता काही जण थांबून नमस्कार करत होते. सर मान हलवून परत करत होते.

त्यांनी यासेरला लिहिलं, "मार ना. थांबलास कशाला?"

उत्तर यायला वेळ लागला. एका खोलीत राहिलेला, वीस-बावीस वर्षं मल्ल्या म्हणत आलेला माणूस लिहीत होता, खोडत होता, पुन्हा लिहीत होता.

मग आलं.

"राहू द्या, सर."